शूऽऽ बाईंचा ठोकळा

माझ्या आत्याला तिच्या शाळेत कोणी नावाने ओळखत नाही. मुलं तिला शूऽऽ बाई म्हणतात. पाठीमागे म्हणतात असंही नाही. एकदा एका लहानग्याने ग्रंथालयाच्या काउंटरवर हनुवटी टेकवून तिला सरळ विचारलं होतं, शूऽऽ बाई, डायनॉसोरचं पुस्तक परत आलं का? आत्याने चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला आपलंच टोपणनाव ऐकवलं.

तो शूऽऽ एकदा ऐकावा असा आहे. त्यात राग नाही. दूध उतू जायला लागलं की आपण गॅस बारीक करतो ना, तसा तो असतो. चाळीस मुलांचा कलकल करणारा वर्ग आत शिरतो, आत्या मानही वर करत नाही, नुसता दातांमधून हवा सोडते आणि खोली खाली बसते. तिचं ऐकत नाही ते एकच, ग्रंथालयाचं दार. त्याला जुनी स्प्रिंग आहे. कोणी आत आलं की ते आपोआप मिटतं आणि मिटताना तोफ डागल्यासारखा आवाज करतं. आत्या दारालाही शूऽऽ करून दमली. आतोबा सुतार आहेत, आख्ख्या गावाची दारं बसवतात, पण बायकोच्या दाराला त्यांना वेळ मिळत नव्हता. "रविवारी बघतो," हे त्यांचं वाक्य आमच्या घरात कितीतरी वर्षं चाललं.

आत्या या शाळेत आली ती कोणाच्या तरी रजेच्या जागेवर, काही महिन्यांसाठी, ती राहिलीच. तिच्या आधीचे ग्रंथपाल पुस्तकं काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवत. हरवत नाहीत, फाटत नाहीत, वाचलीही जात नाहीत. आत्याने पहिल्याच महिन्यात शिपाई मामांकडून किल्ल्या मागून घेतल्या आणि आतोबांना बोलावून कपाटांची दारंच उतरवली. आतोबा अजून सांगतात, माणसं मला दारं बसवायला बोलावतात, ही एकटीच अशी, जिने काढायला बोलावलं.

दारं गेली आणि एक नवीच अडचण आली. एखादं पुस्तक बाइंडिंगला गेलं की शेजारची पुस्तकं त्या फटीत कलंडायची, आणि ते परत आलं की मामा हाताला लागेल त्या फळीवर खोचून मोकळे व्हायचे. मधमाश्यांचं पुस्तक वर्षभर भूगोलात राहिलं. मग आत्याने ठोकळे काढले. आतोबांच्या कारखान्यातले उरलेले लाकडाचे तुकडे, पुस्तकाच्या मापाचे, पॉलिश पेपरने घासलेले. पुस्तक फळीवरून उठलं की त्याच्या जागी ठोकळा बसणार, आणि ठोकळ्याच्या पाठीवर चिठ्ठी. पुस्तकाचं नाव काय, ते कुठे गेलंय, का गेलंय. "बाइंडिंगला. शिवण सुटली." "खिडकीत. बाटलीतलं पाणी सांडलं, वाळतंय." "माहीत नाही. हरवलं, शोध चालू आहे." चिठ्ठीवर खोटं लिहायचं नाही, एवढीच अट. जी मुलं पुस्तकं वाचत नसत तीसुद्धा ठोकळे वाचायची.

घरातही तिचं तेच. आतोबा खिडक्या बसवायला बाहेरगावी गेले की जेवणाच्या टेबलाशी त्यांच्या खुर्चीत ठोकळा बसायचा. माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, एकदा तो बघून म्हणाले, ताई, याच्याशी बोलतेस की काय? आत्या म्हणाली, हा निदान पूर्ण ऐकून तरी घेतो.

दाराशेजारी भिंतीवर एक काचेचा फळा होता. दर आठवड्याला कुठल्याही वर्गातलं एक मूल त्यासाठी कागदावर एका पुस्तकाबद्दल लिहायचं. आपल्या अक्षरात, आपल्या शब्दांत. आत्याचा नियम साधा होता. शुद्धलेखन मी बघेन, मत तुझं.

त्या वर्षी आठवीत एक मुलगी होती, अंगाने काडी आणि बोलणं टोकदार, म्हणून तिला सगळे टाचणी म्हणायचे. वर्गात तिने हात वर केला की शिक्षक खिडकीबाहेर बघायला लागत. ग्रंथालयात मात्र ती कुजबुजत प्रश्न विचारायची आणि आत्या कुजबुजत उत्तर द्यायची. दोघींचं असं तासन्‌तास चालायचं. तिने निळ्या पुठ्ठ्याची एक कादंबरी वाचली आणि फळ्यासाठी लिहिलं:

"या गोष्टीतल्या मुलीचे बाबा रोज रागावूनच घरी येतात, म्हणून घरातले सगळे हळू बोलतात. एक दिवस ती मोठ्याने विचारते, तुम्ही आमच्यावर का ओरडता? मला वाटतं, असं मोठ्याने विचारता आलं पाहिजे. घरात आणि शाळेतही. आपल्याकडे पुष्कळ प्रश्नांना 'गप्प बस' एवढंच उत्तर मिळतं. ते उत्तर नाही."

आत्याने एक वेलांटी दुरुस्त केली आणि कागद काचेमागे लावला.

आता शाळा समितीचे अध्यक्ष कसे, तर आधी आवाज फाटकापाशी येतो, मग थोड्या वेळाने स्वतः. मोठे कंत्राटदार. मजुरांशी बोलता बोलता आवाज चढला तो उतरायचं विसरला. बैठकीला आले असताना त्यांनी फळा वाचला आणि त्यांचा पाराच चढला. त्यांचा मुलगा टाचणीच्याच वर्गात. आपल्या घराच्या भिंतीला कोणीतरी कान लावून बसलंय असंच त्यांना वाटलं. कादंबरीचं नाव त्यांनी तिथल्या तिथे विचारून घेतलं आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन सांगितलं की लेकरं उद्या बापाला जाब विचारतील, हे आधी बंद करा.

मुख्याध्यापक माणूस वाईट नाही. वादाचा वास आला की चष्मा पुसायला लागतात, एवढंच. त्यांनी आत्याला बोलावलं, चष्मा पुसत सांगितलं की कागद काढा, पुस्तकही माझ्या कपाटात आणून द्या, थोडे दिवस जाऊ देत. आत्याने त्या दिवशी वाद घातला नाही. तिने स्वतःच्या हाताने पुस्तक नेऊन दिलं, कागद नेऊन दिला. मग परत येऊन सवयीप्रमाणे पेटीतून एक ठोकळा काढला, नाव लिहिलं, "मुख्याध्यापकांच्या कपाटात" लिहिलं, आणि पुढे पेन अडलं.

ती पेन हातात घेऊन पुन्हा त्यांच्या दारात उभी राहिली.

"सर, कारण काय लिहू?"

"कशाचं कारण?"

"ठोकळ्यावर. पुस्तक का गेलंय ते."

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, बाइंडिंगला गेलंय असं लिहा की."

"बाइंडिंग पक्कं आहे त्याचं. मी एकदा खोटं लिहिलं तर पोरं माझ्या कुठल्याच ठोकळ्यावर विश्वास ठेवणार नाहीत."

"मग काही लिहू नका."

"जागा कोरी ठेवता येत नाही, सर."

त्यांनी दुसरी काच पुसायला घेतली. आत्या वाट बघत राहिली. मग खोलीतून बाहेर आली आणि तिने जे खरं होतं ते लिहिलं. "कारण: अजून कळलेलं नाही." ठोकळा कथा-कादंबऱ्यांच्या फळीवर बसला. काचेच्या फळ्यावरही तिने एक पातळ फळकूट अडकवलं आणि त्यावर लिहिलं. इथे एक परीक्षण होतं, सध्या मुख्याध्यापकांच्या कपाटात, कारण अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी टाचणी त्या फळकुटासमोर बराच वेळ उभी होती. आत्या तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"बाई, माझं काही चुकलं का?"

"एक वेलांटी."

मुलगी हसली नाही. म्हणाली, मग मी परत नाही लिहिणार. आत्या म्हणाली की असं करू नकोस, तर टाचणीने तिच्याकडे सरळ बघितलं. "तुम्हीच तर दिवसभर सगळ्यांना शूऽऽ म्हणता."

आत्याचं बोट सवयीने ओठांकडे निघालं होतं, ते तिने खाली घेतलं. टाचणी निघून गेली, दार धाडकन मिटलं, आणि ती ग्रंथालयात यायचीच बंद झाली. वर्गातही तिने हात वर करणं सोडलं. आता कसं छान शांत आहे, असं तिचे एक शिक्षक स्टाफरूममध्ये म्हणाले. आत्याने चहाचा कप न पिताच खाली ठेवला. त्या दिवसापासून तिला एकच हवं होतं. पुस्तक फळीवर यावं हे तर खरंच, पण त्या पोरीचं बोलणं परत यावं.

त्याचं काय करायचं हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. ते सहावीतल्या दोन मैत्रिणींना ठाऊक होतं. त्या ठोकळा घेऊन काउंटरवर आल्या आणि म्हणाल्या, हे घरी न्यायचंय.

आत्या म्हणाली की हे पुस्तक नाही. एकीने फळीवर चिकटवलेल्या पाटीकडे बोट दाखवलं. या फळीवरची कुठलीही वस्तू घरी नेता येईल, असं आत्यानेच कधीकाळी लिहून ठेवलं होतं, कारण तिथे कोडी आणि नकाशेही असत. आत्याने पाटी वाचली, मुलींकडे पाहिलं, आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यावर तारखेचा शिक्का मारला.

ठोकळा फिरायला लागला. आज या घरी, उद्या त्या घरी. त्याच्यासाठी रांग लागली. घरोघरी जेवणाच्या टेबलावर तो ठेवला जायचा आणि आई विचारायची, हे काय नवीन? मग मूल सांगायचं, आणि ऐकता ऐकता आईचा घास हातातच राहायचा. एका घरात आजोबांनी तो दाराला अडकण म्हणून लावला आणि इतका चांगला बसला की परत द्यायला कुरकुर केली. इकडे शाळेत मुलं एकेकटी मुख्याध्यापकांच्या दाराशी यायची आणि अगदी अदबीने विचारायची, "सर, कारण कळलं का?" विचारायची आणि निघून जायची. मामा आत्याला सांगत होते, मोठे सर हल्ली मागच्या जिन्याने येतात, आणि दुपारी डबा खाताना खोलीला आतून कडी लावतात. आत्या म्हणाली, बिचारे. मामा म्हणाले, बिचारे कसले, आतून पानं उलटल्याचा आवाज येतो.

शेवटी ठोकळा जिथे जायचा तिथे गेला. अध्यक्षांचा मुलगा रांगेत होताच. रात्री अध्यक्ष जेवायला बसले तर ताटाशेजारी ठोकळा. त्यांचा आवाज, म्हणे, तीन घरं पलीकडे ऐकू गेला. सकाळी निरोप आला की शनिवारी शाळा सुटल्यावर समितीची बैठक, विषय ग्रंथपाल.

शुक्रवारी आत्या स्वयंपाकघरात एकच भांडं पुन्हा पुन्हा घासत होती. आतोबांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. ती म्हणाली, काढून टाकलं मला तर?

"तर तुझ्या खुर्चीत ठोकळा ठेवावा लागेल," आतोबा म्हणाले. "लाकूड मी देईन. कारण त्यांना लिहू दे."

आत्या खूप दिवसांनी हसली. मग पदर खोचून टाचणीच्या घरी गेली. मुलगी दारातच आली. आत्याने सांगितलं की उद्या ये, तुझा कागद तू स्वतः वाच. टाचणी चौकटीवरचा रंग नखाने खरवडत राहिली. आतून तिच्या आईने विचारलं, कोण आहे गं? आणि ती म्हणाली, शूऽऽ बाई.

शनिवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत समितीचीच माणसं मावायची, पण ठोकळा ज्या ज्या घरी जाऊन आला होता ती सगळी घरं हजर झाली. बैठक ग्रंथालयात हलवावी लागली. मोठमोठे बाप्ये बुटक्या स्टुलांवर गुडघे छातीशी घेऊन बसले. उरलेले व्हरांड्यात. कोणी आत आलं की दार धडाडायचं आणि सगळे दचकायचे. टाचणी कुठे दिसत नव्हती.

अध्यक्षांनी ठोकळा टेबलावर आपटला. म्हणाले की हा माझ्या घरात आलाच कसा, आणि शाळा काय मोठ्यांना जाब विचारायची जागा आहे का, आणि मुलांनी काय वाचावं हे वडीलधाऱ्यांनी नाही तर कोणी ठरवायचं? काही माना डोलल्या, खोटं कशाला सांगू.

आत्याचा आवाज आधी बारीक निघाला. तिने घसा साफ केला.

"तुमच्या मुलाला हे पुस्तक देऊ नका म्हणालात तर नाही देणार, साहेब. तो तुमचा अधिकार. पण तिथे खिडकीपाशी ज्या ताई बसल्यात, त्यांच्या मुलीचं तुम्ही कसं ठरवणार?"

खिडकीपाशी बसलेल्या ताईंनी मान वर केली. अध्यक्ष म्हणाले, प्रश्न शिस्तीचा आहे. आत्या म्हणाली की मग तेच कारण लिहिते, पण त्या पुस्तकातलं कुठलं पान शिस्तीच्या आड येतं, तेवढं सांगा. अध्यक्षांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापकांचा हात चष्म्याकडे गेला.

तेवढ्यात मागून, सहावीतल्या त्या दोघींपैकी एकीचा आवाज आला, नेहमीसारखाच अदबीचा. "सर, कारण कळलं का?"

कोणीतरी फिसकन हसलं. मुख्याध्यापक उठले. चष्मा त्यांनी पुसला नाही, डोळ्यांवर तसाच राहू दिला.

"ही पोरं रोज विचारत होती," ते म्हणाले. "उत्तर द्यायचं तर वाचावं लागणार. म्हणून डबा खाता खाता वाचलं. कारण शोधत वाचलं, खरं सांगतो. नाही सापडलं." मग म्हणाले, "शेवटचं प्रकरण दोनदा वाचलं. घरी जाऊन मुलाला फोन केला." त्यांनी पिशवीतून निळी कादंबरी काढून ठोकळ्याशेजारी ठेवली, आणि तिच्यावर टाचणीचा कागद.

त्या कागदाकडे एक हात आला, काडीसारखा. टाचणी दाराच्या आड, व्हरांड्यातल्या गर्दीत उभी होती सगळा वेळ, ती आता आत आली होती. तिने कागद उचलला आणि वाचायला लागली. इतकं हळू, की पहिल्या रांगेलाही नीट कळेना. बाहेरची माणसं ऐकायला पुढे सरकली, दार स्प्रिंगवर ताणलं गेलं आणि आता धाडकन आपटणार तोच मामांनी टेबलावरचा ठोकळा उचलून दाराखाली सारला. दार उघडंच राहिलं.

"घरातले सगळे हळू बोलतात," इथपर्यंत टाचणी आली आणि अध्यक्ष स्टुलावरून अर्धे उठले. "हे असलं भर सभेत माझ्यासमोर—"

"शूऽऽ."

आत्याने मानही वर केली नव्हती. नेहमीसारखीच दातांमधून हवा सोडली होती, उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बारीक केल्यासारखी. अध्यक्ष तोंड उघडं ठेवून तसेच राहिले. मग त्या खोलीत शिरल्यावर आजवर प्रत्येक मूल जे करत आलं होतं तेच त्यांनीही केलं. खाली बसले.

टाचणीने आत्याकडे पाहिलं. आत्या तिला एवढंच म्हणाली, "पहिल्यापासून वाच."

तिने पहिल्यापासून वाचलं. या वेळी व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू गेलं, पार सायकली ठेवतात तिथपर्यंत, कारण तिथे उभे असलेले आतोबा ते वाक्य आम्हाला अजून तसंच्या तसं म्हणून दाखवतात: ते उत्तर नाही. वाचून झालं. मग खिडकीपाशी बसलेल्या ताईंनी टाळी वाजवली आणि ग्रंथालयात, त्या खोलीत जिथे पेन्सिल पडली तरी मुलं जीभ चावतात, असा काही कडकडाट झाला की वरच्या फळीवरचा धुरळा खाली आला. मुलं आत्याकडे बघत होती, आता शूऽऽ येणार म्हणून. आत्या चष्मा काढून पुसत होती. तिला काही दिसतच नव्हतं.

आत्याच्या नोकरीचा विषय त्या दिवशी निघालाच नाही, पुढेही निघाला नाही. उलट समितीने तिथेच ठरवलं की ज्याला एखादं पुस्तक फळीवरून काढायचं असेल त्याने ते आधी पूर्ण वाचायचं, आणि कारण ठोकळ्यावर लिहून खाली आपली सही करायची. फळ्यावरच्या मुलांच्या कागदालाही तेच. तेव्हापासून बाइंडिंगला गेलेल्या, भिजलेल्या नाही तर हरवलेल्या पुस्तकांशिवाय ठोकळा लागलेला नाही. अध्यक्षांनी मुलाला ती कादंबरी वाचायची परवानगी द्यायला महिना लावला, पण दिली. ग्रंथालयाच्या बाजूने जाताना ते अजून आवाज खाली घेतात आणि आपण असं करतोय हे त्यांच्या लक्षातही येत नाही, असं मामांचं म्हणणं. टाचणी फळ्यावर इतकी लिहायला लागली की इतरांनी तक्रार केली. आत्याने तिला सांगितलं, नंबर लाव.

आणि तो ठोकळा पेटीत परत गेलाच नाही. पुढच्या रविवारी आतोबा खरोखरच हत्यारांची पिशवी घेऊन शाळेत हजर झाले, स्प्रिंग काढतो म्हणाले. आत्याने त्यांना दारातच थांबवलं.

"आता राहू द्या," ती म्हणाली.

खाली वाकून तिने ठोकळ्यावरची जुनी चिठ्ठी सोडवली आणि नवी लावली. दाराशी येणारं प्रत्येक नवं मूल अजूनही आधी उकिडवं बसून ती वाचतं आणि मग आत जातं.

"कुठे: दाराखाली. कारण: बाहेरच्यांनाही ऐकू यावं."